अरुंदपट्टा खगोलीय छायाचित्रण

अभ्रिकांमधील आयनीभूत वायू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश बाहेर टाकतो. साधारण ३ ते १२ नॅनोमीटर रुंदीचा पट्टाच पुढे जाऊ देणारा फिल्टर लावून तो टिपण्याचे हे तंत्र आहे. हायड्रोजन-आल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजनची जोडरेषा (४९५.९ व ५००.७) या त्यातील मुख्य रेषा होत. शहरी दिव्यांचा उजेड व चांदणे बरेचसे अडत असल्याने पौर्णिमेच्या सुमारासही मृगातील अभ्रिका टिपता येते.

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात मात्र अडचण मुळातच असते. संवेदकापुढील अवरक्तरोधक काच हायड्रोजन-आल्फाचा बराच प्रकाश गिळते आणि उरलेला प्रकाश मुख्यतः लाल, म्हणजे चारांपैकी एकाच चित्रबिंदूवर नोंदला जातो. म्हणून अनेक हौशी निरीक्षक ती काच बदलून घेतात. कॅनन ६०डीए (२०१२) आणि निकॉन डी८१०ए (२०१५) हे कॅमेरे खास याच कामासाठी निघाले. ऑक्सिजनचा निळसर हिरवा प्रकाश हिरव्या व निळ्या, दोन्ही चित्रबिंदूंवर उमटतो. त्यामुळे एकाच छायाचित्रात दोन्ही रेषा देणारा द्विपट्टा फिल्टर अशा कॅमेऱ्याला सर्वांत सोयीचा ठरतो. रॉ फाइलमधून रेषा नंतर वेगळ्या काढता येतात.

प्रकाश फारच थोडा येत असल्याने प्रत्येक चित्राला काही मिनिटांचे उद्भासन आणि ताऱ्यांचा माग घेणारी बैठक लागते. फोकस फिल्टर लावूनच, तेजस्वी ताऱ्यावर साधावा. दीर्घिका किंवा कृत्तिकांभोवतीची परावर्तन अभ्रिका सलग वर्णपटात प्रकाशते. तिथे हा फिल्टर जवळपास निरुपयोगीच.