लॅपटॉपचं बटण कुणाच्या हातात?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, काम ऐन रंगात आलेलं असताना लॅपटॉपचा पडदा एकदम काळा होतो. मग घरोघरी तेच तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं व्हायरस शिरला, कुणी म्हणतं विंडोज बिघडलं. दुकानदार मान हलवून सांगतो, ‘मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या.’ यातलं एखादं खरंही असेल. पण पुष्कळदा दोष असतो तो वीजपुरवठ्यात किंवा फर्मवेअरमध्ये. फर्मवेअर म्हणजे यंत्रातल्या चिपमध्येच साठवलेला मूळ प्रोग्रॅम. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी तो जागा होतो आणि त्यांना उठवतो. वीज आणि फर्मवेअर यांची गाठ कशी पडली, हे समजलं की बिघाडाचा माग काढणं सोपं जातं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या बाजूला एक मोठा लाल खटका होता. तो खाली पाडला की वीज तुटली, विषय संपला. त्यातल्या फर्मवेअरचं नाव होतं बायॉस. हा शब्द त्याआधीच गॅरी किल्डॉल यांच्या सीपीएम या प्रणालीत आलेला होता. आयबीएमचा बायॉस कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेला असे. त्यातली चूक सुधारायची तर चिपच बदलावी लागे, पण बाहेरच्या कुणाला तो बिघडवताही येत नसे.

लॅपटॉप आला आणि हा सरळ हिशेब मोडला. बॅटरीतली वीज मोजूनमापून वापरायची होती. पडदा कधी मंद करायचा, यंत्र कधी झोपवायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. इंटेलने १९९० साली ३८६ एसएल हा खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला. त्यात चाललेलं काम क्षणभर थांबवून फर्मवेअरला ताबा घेण्याची सोय होती. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम हे मानक आणलं. त्यात विजेचा कारभार मुख्यतः बायॉसकडे राहिला. अडचण अशी, की वापरणारा काय करतो आहे हे बायॉसला नीट कळत नसे.

म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवं मानक काढलं. आता निर्णय विंडोज किंवा लिनक्सने घ्यायचा आणि आपल्या यंत्रात काय काय आहे, याचे तक्ते फर्मवेअरने पुरवायचे. तेव्हापासून लॅपटॉपचं बटण दाबणं म्हणजे वीज तोडणं नव्हे, ती एक विनंती असते. काही सेकंद दाबून धरलं तरच खरोखर वीज तुटते. पण हे तक्ते लिहिणार यंत्र बनवणारी कंपनी, आणि पुष्कळ कंपन्या ते विंडोजवर चालले की समाधान मानत. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्या हौशी मंडळींना ते तक्ते स्वतः दुरुस्त करून घ्यावे लागत. झोपलेला लॅपटॉप उठतच नाही, या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथं असे.

दरम्यान चिपही बदलली होती. नव्वदच्या दशकात बायॉस पुन्हा लिहिता येईल अशा फ्लॅश चिपमध्ये गेला. दुरुस्ती सोपी झाली, पण जे लिहिता येतं ते पुसताही येतं. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने ते दाखवून दिलं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या या व्हायरसने हार्ड डिस्कवरची माहिती तर पुसलीच, शिवाय काही संगणकांचा बायॉसही खराब केला. असे संगणक बटण दाबूनही सुरू होईनात. आशियात, आपल्या भारतातही, त्याचा फटका बसला.

पुढे बायॉसची जागा यूईएफआयने घेतली. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. साहजिकच लिनक्सला दोष मिळाला. पण मॅथ्यू गॅरेट या प्रोग्रॅमरने फेब्रुवारीत दाखवून दिलं, की हाच प्रकार विंडोजमधूनही घडवता येतो. फर्मवेअरची स्वतःची एक छोटी साठवण असते. बिघाडाच्या नोंदी तिथं लिहिल्या गेल्या, ती फार भरली, आणि फर्मवेअरला यंत्र सुरूच करता येईना. लिनक्स केवळ निमित्त ठरलं होतं.

सर्वांत बोलकं उदाहरण २०२४ सालचं, लॅपटॉपचं नव्हे तर टेबलावरच्या संगणकांचं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर असलेले संगणक गेम खेळताना कोसळत. पडद्यावर संदेश येई, की चित्रांसाठीची मेमरी अपुरी आहे. लोकांचा संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं, की प्रोसेसरमधला मायक्रोकोड चुकीचा, जास्त व्होल्टेज मागत होता. मायक्रोकोड हाही फर्मवेअरचाच भाऊबंद. ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती आली. पण आधीच झिजलेले प्रोसेसर तिने बरे होणार नव्हते. कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद सापडली, तरी तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते ती नोंद सांगत नाही.

तेव्हा शोध क्रमाने घ्यावा. आधी वीज. लॅपटॉप फक्त चार्जरवर असताना बंद पडतो, की फक्त बॅटरीवर, हे पाहावं. बॅटरी जुनी झाली, की तिच्यातली चिप दाखवते तो टक्केवारीचा अंदाज चुकू लागतो, आणि ‘तीस टक्के’ दिसत असतानाही यंत्र मान टाकतं. ज्यांच्याकडे वारंवार वीज जाते, त्यांना हा अनुभव नवा नाही. चार्जर मूळ नसेल तर काही लॅपटॉप तो ओळखत नाहीत, बॅटरी भरत नाहीत आणि वेगही कमी करतात. नंतर उष्णता. पंख्यात धूळ साचली, तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. मग फर्मवेअर. त्याची आवृत्ती कोणती आहे ते पाहून नवी आवृत्ती कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. मात्र ती बसवताना बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला हवा. मध्येच वीज गेली, तर अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर यंत्राला उठवू शकत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, आपल्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

एवढं करूनही लॅपटॉप बंद पडतच राहिला, तर जरूर दुकानात न्यावा. पण ‘मदरबोर्ड गेला’ असं ऐकल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘कशावरून?’