दहा कोंबड्यांचा इतिहास

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीनंतरचे ते दिवस. दुकानांत कार्डाची यंत्रे आली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. आम्हाला मात्र त्या गडबडीत आसपासच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवरची एक जुनी रोकड आठवत राहिली: अंगणात चरणारी गावठी कोंबडी. मीठमिरची, पोराची वही, अवचित आलेले दुखणे, दारचा पाहुणा, गावदेवाचा मान, हे सारे तिच्यावर भागते. आणि ही रोकड बहुधा घरातील बाईच्या हाती असते. हिचा इतिहास कोणी लिहिला आहे काय?

प्राचीन भाग तरी आता बराच उलगडला आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. थायलंडमधील बान नॉन वाट येथील सुमारे ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० या काळातील हाडे ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडे असावीत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. भात आणि भरडधान्याच्या शेतीमागोमाग हा पक्षी माणसाजवळ आला. पण तिचे पिवळे पाय तांबड्या पूर्वजाचे नव्हेत. तो वारसा राखी रानकोंबड्याचा, हे २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसून आले. आणि हा पक्षी मूळचा भारतीय द्वीपकल्पाचा, आपल्या सह्याद्रीच्या रानांतलाही. म्हणजे पाड्यावरच्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत या डोंगराचाही अंश आहे.

इथल्या हवेशी तिचे जमते यात म्हणूनच नवल नाही. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हाच तिचा थंडावा. वैशाखात जड अंगाचा ब्रॉयलर आधी कोसळतो, हलकी गावठी कोंबडी आंब्याखाली माती उकरून तग धरते. खरी परीक्षा पावसाची. ओल्या जमिनीतून पिलांना रक्ती हगवण लागते, डासांवाटे देवी येते. त्यावरचे उपाय अनुभवातून आलेले आहेत: खुराडे जमिनीपासून उंच ठेवणे, तळाशी राख पसरणे, ऐन पावसाळ्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर न बसवणे.

पण एका रोगापुढे हे शहाणपण अपुरे पडते. १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे ओळखला गेलेला रोग त्या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाला. मराठीत ती मानमोडी. १९१८ च्या जीवघेण्या इन्फ्लुएंझालाही आपल्या लोकांनी हेच नाव दिले होते. मानमोडी आली की चारसहा दिवसांत अंगण रिकामे होते. यावरची लस मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकातच तयार झाली. मग कोंबड्या अजून का मरतात? कारण साधे आहे. लशीची कुपी शेकडो मात्रांची, बर्फात जपायची आणि एकदा फोडली की दोनतीन तासांत संपवायची. पाड्यावरच्या बाईकडे कोंबड्या असतात दहा.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो धसईच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात, वेहळोली येथील एका कोंबडीपालन केंद्रात आला आणि एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे ठरले. संसर्ग रोखायचा तर हे करावेच लागते, याविषयी आमचा वाद नाही. पण परिघाची रेषा शेड आणि अंगण असा भेद करीत नाही, हेही तितकेच खरे.

लशीची कुपी दहा कोंबड्यांसाठी नाही, सरकारी मोजणी मात्र त्या दहांनाही धरते, आणि तीही बहुधा त्या मरायच्या वेळी. पाच घरांनी एकाच दिवशी, एकाच कुपीतून लस टोचून घ्यावी, एवढी व्यवस्था तरी पाड्यापाड्यावर का होऊ नये? रोकडविरहित गावासाठी यंत्रणा काही दिवसांत उभी राहते, हे धसईनेच दाखवले आहे. या जुन्या रोकडीसाठी बर्फाची एक पेटी आणि ठरलेला एक दिवस पुरेल.