टकळीची कुळकथा

टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्या खालच्या टोकाशी बसवलेली चकती. काडीला गिरकी दिली की चकतीच्या वजनाने ती फिरत राहते आणि वर चिमटीत धरलेल्या लोकरीला पीळ बसत जातो. काडी बांबूची की लोखंडाची, चकती लाकडाची, खापराची की पितळेची, एवढाच काय तो फरक.

संस्कृतात तिचे नाव तर्कु. शब्दातले पहिले अक्षर शेवटी आणि शेवटचे आधी कसे येते, हे सांगताना यास्काने निरुक्तात जी उदाहरणे घेतली, त्यांत तर्कु आहे: ‘कृत्’ उलटला आणि ‘तर्कु’ झाला. धातुपाठात कृत् दोन आहेत, एक कापण्याचा आणि दुसरा वेढण्याचा. मेंढीची लोकर आधी कातरायची आणि मग कातायची, ही दोन कामे मराठी कानाला इतकी जवळची वाटतात ती त्यामुळेच. हिंदीतला तकला आणि मराठीतली टकळी ही दोन्ही तर्कूच्या घराण्यातली. न थांबता बोलणाऱ्याची टकळी सुरू झाली असे म्हणतात, ते तिच्या या अखंड गिरकीवरून.

चाक पुष्कळ नंतर आले. भारतातला चरख्याचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख म्हणून इतिहासकार इरफान हबीब यांनी इसामीच्या ‘फुतूह-उस्-सलातीन’कडे बोट दाखवले. हे काव्य १३५० साली बहामनी राज्यात, म्हणजे दख्खनमध्येच पुरे झाले. चरखा हा फारसी शब्द. मराठीने या चाकाला रहाटही म्हटले. नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीचे पाणी काढणारा त्याच नावाचा रहाट कोकणी माणसाच्या ओळखीचा आहे.

चाकाने वेग वाढला, तरी टकळी गेली नाही. चाकापाशी बसावे लागते आणि मेंढपाळाला बसून चालत नाही. टकळी कळपामागे चालताना फिरते, हाक आली की कमरेला खोचता येते.

कोकण किनाऱ्यावर मात्र, दापोली तालुक्यातल्या केळशीसारख्या गावात, मेंढ्या पाळण्याची रीत नव्हती. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. किनाऱ्यावरचा पावसाळा तिला सोसत नाही. सह्याद्रीच्या कुशीतले गवळी धनगरही म्हशी राखतात. देशावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात ते भाताची कापणी झाल्यावर. शेतात मेंढ्या बसवून लेंडीखताचा मोबदला घेतात आणि पावसाआधी घाट चढतात. लोकर मात्र पावसाळाभर कोकणात राहत आली, घोंगडीच्या रूपाने. धनगर-सणगरांच्या घरी कातलेल्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर विणलेल्या घोंगडीची खोळ करून शेतकरी लावणीला उभा राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, हे या सोयीमागचे कारण.

विसाव्या शतकात टकळी कापसासाठी शाळेत आली. १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेत सूतकताई हा एक प्रमुख मूलोद्योग ठरला आणि लहान मुलांच्या हाती आधी टकळीच आली. विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळ नालवाडीला कताईच्या मजुरीवर जगून पाहिले.

टकळीच्या मानाने दोन सुयांवरचे विणकाम आपल्याकडे नवे, एकोणिसाव्या शतकात मुख्यतः मिशनच्या शाळांतून पसरलेले. मराठीने त्याला वेगळे क्रियापद दिले नाही. बाज, जाळे, टोपली आणि घोंगडी विणतात, तसा स्वेटरही विणतात. टाका तेवढा शिवणातून उसना घेतला. पण सुताची मागणी निराळी. मागाच्या ताण्याला घट्ट पिळाचे, ओढ सोसणारे सूत हवे, सुयांना मऊ. त्यासाठी सैल कातलेले दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळतात. दख्खनी लोकर जाडीभरडी, राठ केस मिसळलेली असते, म्हणून ती आसनाला, पिशवीला शोभते. बाळाच्या टोपड्याला नाही.

शिकणाऱ्याचे पहिले सूत कुठे सुतळीएवढे, कुठे केसाएवढे निघते. गिरकी आणि लोकर ओढणे ही दोन्ही कामे एकदम जमत नाहीत. म्हणून आधी पीळ भरून टकळी गुडघ्यांत धरावी, मग लोकर ओढून तो पीळ तिच्यात जाऊ द्यावा. हात बसला की टकळी अधांतरी सोडता येते.

घरात एका वेळी तीन-चार विणकामे सुरू असली की हातसुताची अडचण कळते. आजचा धागा आणि महिन्यानंतरचा धागा सारखा उतरत नाही. तेव्हा एका कपड्याचे सगळे सूत आधी कातून, लड्या करून, धुऊन ठेवावे आणि पहिल्या धाग्याचा वीतभर तुकडा पुठ्ठ्याला गुंडाळून त्या कामाच्या पिशवीत टाकावा. त्याच पुठ्ठ्यावर सुयांचा नंबर आणि टाक्यांची संख्या लिहिली, तर दोन महिने बाजूला पडलेली बाहीही कुठून उचलायची ते समजते. केळशीच्या दमट हवेत पिशव्यांना अधूनमधून ऊन दाखवावे लागते, नाहीतर लोकरीला कसर लागते.