कच्चं लायसन, पक्कं लायसन

आमच्या लहानपणी शेतकऱ्याच्या घरातले सगळे कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायचे. सातबारा, आठ-अ, सोसायटीचं पासबुक, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि रेशनकार्ड. संपली इस्टेट. यातल्या एकाही कागदावर कुणाचा फोटो नसायचा. आणि नाव असायचं ते घरातल्या कर्त्या माणसाचं. पोरगं तिशीला आलं, त्याला दोन लेकरं झाली, तरी कागदावर ते कुणाचं तरी पोरगंच. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या कितीतरी माणसांना स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो आणि स्वतःची सही एका जागी असलेला पहिला सरकारी कागद मिळाला तो मोटरसायकलच्या लायसनचा. मतदाराचं फोटोचं ओळखपत्र त्यानंतरचं. ते १९९३ साली टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना निघालं. आधारकार्ड तर फारच अलीकडचं. देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० साली दिलं गेलं. म्हणून म्हणतो, लायसनचा इतिहास हा नुसता गाडीचा इतिहास नाही. तो खेड्यातल्या माणसाला ओळख मिळाल्याचा इतिहास आहे.

तसं चाकाला कागद लागणं आम्हाला नवीन नव्हतं. ग्रामपंचायत बैलगाडीवर आणि सायकलवर कर घ्यायची. तालुक्याच्या गावात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. बिल्ला नसला, रात्री बत्ती नसली, किंवा डबलसीट सापडला तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. रात्री बैलगाडी सडकेला लागली की खाली कंदील टांगायचा. इतकंच काय, घरी रेडिओ वाजवायचा तर पोस्टात पैसे भरून त्याचंही लायसन काढावं लागे. पण हे सगळे कागद वस्तूचे होते. गाडीचा, सायकलचा, रेडिओचा. माणसाचा कागद कुठंच नव्हता.

आमचा भाग माणदेशाचा, सांगोल्याकडचा. खिल्लार बैल आणि दुष्काळ या दोन गोष्टींसाठी माहीत असलेला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईबापांनी सडकेच्या कामावर खडी फोडली. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि ही कामं चालूच राहिली. त्याच खडीच्या सडका वाडीवस्तीपर्यंत आल्या. मागोमाग संकरित गाई आल्या. खिल्लार गाईचं दूध घरात संपायचं. संकरित गाईचं दूध घरात संपेना. ते विकायचं तर डेअरीपर्यंत नासायच्या आत पोचवायला पाहिजे. सायकलवर दोन किटल्या बांधून नऊ किलोमीटर चढ चढताना माणसाच्या छातीचा भाता व्हायचा. मोटरसायकल आमच्याकडं हौसेनं आली नाही. ती दुधामागं आली.

त्या आधी गावात मोटरसायकल म्हणजे बुलेट, आणि बुलेट म्हणजे फौजदार नाहीतर एखादा बागायतदार. तिचा आवाज आला की पोरं पळत सुटायची. १९५५ पासून ती मद्रासला बनायला लागली. मग मैसूरची जावा आली, तिचीच पुढं येझदी झाली. फरिदाबादची राजदूत आली. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली आणि मास्तर, पोस्टमन, कंपाउंडर लुनावर दिसायला लागले. स्कूटर पाहिजे असली तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. बजाजच्या स्कूटरचा नंबर बापानं लावावा आणि गाडी पोराच्या लग्नात यावी, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. याला कारण असं, की कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या तेही सरकारच्या परवान्यावर ठरायचं. म्हणजे बनवणाऱ्याला लायसन, चालवणाऱ्याला लायसन आणि मधल्या गिऱ्हाइकाला नुसती वाट बघणं. १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या जोडीनं बनलेल्या हिरो होंडा, यामाहा या गाड्या आल्या तेव्हा ही कोंडी फुटायला लागली. शहरातल्या लोकांनी नव्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्या जुन्या राजदूत आमच्यासारख्यांच्या दारात आल्या.

माझीही तशीच. १९९० साली साडेसहा हजाराला जुनी राजदूत घेतली. आबा म्हणाले, "आरं, एवढ्यात बैल आला आसता की." मी म्हणालो, "आबा, बैलाला दूध घिऊन नऊ किलोमीटर पळवता का?" ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच गाडीला हळदकुंकू लावून नारळ फोडला.

त्याच्या वर्षभर आधी, १ जुलै १९८९ पासून, मोटार वाहनांचा नवा कायदा लागू झाला होता. त्याला १९८८ चा कायदा म्हणतात. त्याआधी इंग्रजांच्या वेळचा १९३९ चा कायदा पन्नास वर्षं चालला. नव्या कायद्यानं गाड्यांचे नंबरही बदलले. जुन्या गाड्यांना एम-नं सुरू होणारी तीन अक्षरं असायची, नव्यांना एमएच आणि पुढं जिल्ह्याचा आकडा. आमचा सोलापूरचा तेरा. शिकणाऱ्यानं आधी कच्चं लायसन काढायचं, ते सहा महिने चालणार. किमान तीस दिवस गेल्यावर पक्क्या लायसनची परीक्षा द्यायची. तोवर गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायचा, आणि मागं कुणाला बसवायचं नाही, बसवायचा तर लायसनवाला शिकवणाराच. दुधाच्या किटल्यांबद्दल मात्र साहेबांनी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आरटीओचं ऑफिस जिल्ह्याला. पण ठरलेल्या तारखेला साहेब तालुक्याला कॅम्प घ्यायचे. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली धोतरं, पायजमे आणि नव्यानं आलेल्या पँटी रांगेला लागायच्या. लिंबाच्या सावलीत पत्र्याची पेटी मांडून फॉर्म भरून देणारे बसलेले असायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याकडून ते दुप्पट घ्यायचे. मी दहावी शिकलेला, म्हणून माझा फॉर्म मी भरला. मग शेजारच्याचा, मग त्याच्या मेव्हण्याचा. दुपारपर्यंत माझ्याभोवती पंधरा माणसं झाली आणि पेटीवाले माझ्याकडं रागानं बघायला लागले.

फॉर्मबरोबर वयाचा दाखला, पत्त्याचा दाखला आणि फोटो लागायचे. वयाला शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या वेळी पोराला शाळेत घालताना आईबापाला जन्मतारीख सांगता यायची नाही. "पटकीच्या साथीच्या साली", "विहिरीला पाणी लागलं त्या साली", असं सांगायचे. मास्तर अंदाजानं साल धरायचे आणि तारीख १ जून टाकायचे. त्यामुळं त्या दिवशीच्या रांगेत निम्म्या लोकांचा वाढदिवस एकच निघाला. साहेबांनी एकामागून एक दाखले बघितले आणि हसून म्हणाले, "तुमच्या तालुक्यात बाकीच्या दिवशी कुणी जन्माला येत नाही का?" पत्त्याला रेशनकार्ड. ते आबांच्या नावावर, मी त्यातला खालून दुसरा. फोटोसाठी तालुक्याच्या स्टुडिओत गेलो. तिथं भिंतीला एक काळा कोट टांगलेला असायचा. जो येईल त्याच्या अंगात तो घालायचे. आमच्या गावातल्या सहा जणांच्या लायसनवर तोच कोट आहे. कुणाला तो ढगळ, कुणाला आखूड. शाळेतला गटाचा फोटो सोडला तर माझा एकट्याचा तो पहिलाच फोटो.

कच्च्या लायसनला तोंडी परीक्षा. रस्त्यावरच्या खुणा विचारायच्या. आता आमच्या सडकेला खुणाच नव्हत्या. एक मैलाचा दगड होता, त्यावर लोक विळे घासायचे. म्हणून कॅम्पच्या आधी महिनाभर मी समाजमंदिराच्या फळ्यावर खडूनं खुणा काढून शिकवायला लागलो. तीन कोनांची पाटी म्हणजे सावध राहा, गोल पाटी म्हणजे हुकूम, चौकोनी पाटी म्हणजे नुसती माहिती. पुढं शाळा, पुढं अरुंद पूल, हॉर्न बंद, इथून पुढं जाऊ नका. रात्री कंदिलाच्या उजेडात दहाबारा जण बसायचे. त्यातल्या एका दूधवाल्याला अक्षरओळख नव्हती. तो पहिल्या दिवशी लाजत मागं बसला. चौथ्या दिवशी सगळ्यात आधी त्याचंच उत्तर यायला लागलं. तो म्हणाला, "ही तर चित्रं हायती. ही वाचाया शाळा कशाला लागतीय?" परीक्षेत साहेबांनी त्याला सात खुणा विचारल्या, सातही बरोबर. सही करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यानं अंगठा पुढं केला. साहेबांनी शाईची गादी दिली आणि म्हणाले, "अंगठ्यानं काही बिघडत नाही. खूण बघून थांबता आलं पाहिजे."

तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा. बाजारच्या मोकळ्या मैदानात चुन्यानं आठ काढलेला. पाय जमिनीला न टेकवता त्या आठावरनं गाडी फिरवायची. आधी एकानं चुना पुसून टाकला होता, म्हणून साहेबांनी पुढच्याला तोंडीच सांगितलं, "आठ काढा." तो माणूस पन्नाशीचा. गाडीवर बसून म्हणाला, "सायेब, आठ मराठी का इंग्रजी?" सगळं मैदान हसलं. साहेबही हसले. म्हणाले, "इंग्रजी काढा. मराठी काढला तर तिकडंच जाल, परत कसे येणार?"

गाड्या सगळ्यांकडं नव्हत्या. एका राजदूतवर सात जणांनी परीक्षा दिली. त्यात एक गडी बागायतदाराच्या बुलेटवर शिकलेला. त्या वेळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात; राजदूतचं उलटं. त्यानं आठ झकास काढला. शेवटी थांबायला डावा पाय दाबला, गाडीनं गिअर बदलला आणि तो सरळ कडब्याच्या गंजीत. साहेबांनी त्याला पुढच्या कॅम्पची तारीख दिली. तो महिनाभर गावात तोंड चुकवून हिंडला आणि पुढच्या वेळी पास झाला.

पक्कं लायसन छोट्या पुस्तकासारखं मिळालं. आत फोटो, त्यावर अर्ध्यात गोल शिक्का. आबांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठाय?" मी माझ्या नावापुढचं त्यांचं नाव बोटानं दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजी आता तू फुडं, मी मागं." आणि त्यांनीच ते ट्रंकेत सातबाऱ्याच्या वर ठेवलं.

या सगळ्याला हसून सोडता येत नाही, कारण ज्यांनी लायसन काढलं नाही त्यांचंही मला माहीत आहे. "आपल्या रानात आपली गाडी, कोण धरतंय?" असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, आजही आहेत. शेजारच्या वाडीतल्या एका पोरानं संध्याकाळी बाजारातनं येताना एका म्हातारीला उडवलं. म्हातारी गेली. गाडीचा विमा होता. पण पोराकडं लायसन नव्हतं. विमा तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी असतो, म्हणून म्हातारीच्या घरच्यांना कंपनीकडनं भरपाई मिळाली. मग कंपनीनं तेच पैसे कोर्टातनं गाडीच्या मालकाकडं मागितले. मालक म्हणजे पोराचा बाप. त्याची सव्वा एकर जमीन गेली. पोरगं चांगलं होतं, गाडीही नीट चालवायचं. पण नीट चालवता येतं हे सांगणारा कागद त्याच्याकडं नव्हता. चार हेलपाटे आणि दोन फोटो एवढ्याची ती किंमत होती.

आणखी एक गोष्ट त्या वेळी कुणाच्या डोक्यात आली नाही. त्या रांगेत एकही बाई नव्हती. गाईंच्या धारा काढायच्या बायकांनी, दूध गाडीवर न्यायचं आम्ही, डेअरीच्या पुस्तकात नाव आमचं आणि लायसनही आमचं. त्याच सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. पारावर त्याची चर्चा व्हायची. चर्चा करणारे सगळे पुरुष. माझ्या मंडळींचा पहिला फोटोचा कागद म्हणजे मतदार ओळखपत्र, ते माझ्या लायसननंतर कितीतरी वर्षांनी आलं.

आता काळ पालटला. २०२१ पासून आपल्या राज्यात कच्च्या लायसनची परीक्षा आधारच्या जोरावर घरबसल्या कॉम्प्युटरवर देता येते. पक्क्यासाठी मात्र अजून जावंच लागतं. आमच्या सूनबाईंनी मोबाईलवर परीक्षा दिली, मग तालुक्याला जाऊन आठ काढला. सकाळचं दूध आता डेअरीला त्याच नेतात, आणि पुस्तकात नावही त्यांचंच आहे. माझं लायसन आता पाच-पाच वर्षांनी, डॉक्टरचा दाखला जोडून नवं करावं लागतं. मागच्या खेपेला कारकुनानं विचारलं, "बाबा, या वयात कशाला पाहिजे लायसन?" त्याच्या खिशात चार-पाच ओळखपत्रं असतील. त्याला काय सांगणार? फॉर्म भरला, सही केली आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहिलं.