मुक्काम सिंहगड, मे १७६३

तंबू घेऊ नका. मॅट, हेडलॅम्प, पॉवर बँक, मॅगीची पाकिटं, सगळं घरीच ठेवा. तुम्ही निघालाय तिथे ही सगळी कामं एकटी घोंगडी करते. रात्री ती अंथरूण, पहाटे पांघरूण आणि वळीव आलाच तर डोक्यावरची खोळ. धोतर घट्ट कसा, वहाणांना तेल लावा. कनवटीला चकमक, गारगोटी आणि कापूस असू द्या. गाठोड्यात दशम्या, सातूचं पीठ, गुळाचा खडा आणि दोन कांदे पुरेत. चहाची तलफ तेवढी इथेच भागवून घ्या. पुण्याला चहाची चटक लागायला अजून बराच अवकाश आहे. रात्री डोंगरावर राहायची परवानगी काढायचीही गरज नाही. वनखातं जन्माला यायला अजून शंभर वर्षं आहेत.

शनिवारवाड्यासमोर उभे राहिलात की पहिल्यांदा हौदाचा आवाज ऐकू येतो. कात्रजहून आलेलं पाणी पडतंय, पण घागर लावायला कुणी नाही. पेठेत निम्म्या घरांना कुलपं. एका ओसरीवर बाप-लेक जमीन उकरताहेत, शेजारी फडक्यात बांधलेलं काहीतरी जड ठेवलंय. तुमची चाहूल लागताच दोघं हात थांबवतात. पुढे चला, बघू नका.

हैदराबादचा निजामअली येतोय. लोक त्याला मोगलच म्हणतात. त्याच्याबरोबर नागपूरकर भोसलेही आहेत, आणि हे बोलताना माणसांचा आवाज खाली येतो. पानिपत होऊन सव्वादोन वर्षं झालीत. किती घरांत त्यानंतर सणाचं तोरण लागलेलं नाही. अठरा वर्षांचे पेशवे माधवराव आणि त्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन निजामाच्या मुलखात लूट करत फिरताहेत, म्हणून निजामाने सरळ पुण्याची वाट धरलीय. शहराला तट नाही. मग उरतात ते डोंगर.

पर्वती डाव्या हाताला ठेवून चालायला लागा. वाट चुकायची भीती नाही, अख्खं शहर त्याच वाटेवर आहे. बैलांच्या पाठीवर भांडी, डोलीत बाळंतीण, कडेवरच्या पोराच्या हातात पिंजऱ्यातला पोपट. वडगाव, धायरी, मग मुठेच्या अंगाने डोणज्याकडे. इथे उजवीकडे पाण्याचा मोठा विस्तार बघायची तुम्हाला सवय आहे. तो शोधू नका. खडकवासल्याचं धरण व्हायला अजून शंभर वर्षांवर काळ जायचाय. तूर्त तिथे उन्हाळ्याची बारीक झालेली नदी आणि नांगरून ठेवलेली रानं आहेत.

चढ तोच आहे. सहाशे मीटरच्या आसपास उभी चढण, मुरमाड, घसरडी, पोटऱ्यांना ओळखीची. माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा नाही, लिंबू-सरबताच्या टपऱ्या नाहीत. वाटेच्या कडेला करवंदं काळी झालीत. मूठभर तोडून घ्या, पण कारवीच्या गचपणात हात घालण्याआधी काठी आपटा.

अर्ध्या चढावर एक कारकून दगडाला टेकून बसलाय. पुढ्यात तांबड्या खारव्याचे तीन रुमाल, प्रत्येकाला चारी टोकांच्या गाठी. सरकारी दफ्तर वर हलवताहेत. पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई आणि त्यांचे धाकटे, सात वर्षांचे नारायणराव आधीच गडावर गेलेत. "अहो, जरा हात लावता का?" तो विचारतो. तुम्ही एक रुमाल उचलता. गाठ सैल होऊन एक कागद बाहेर सरकतो. मोडीच्या लपेटदार ओळी, आणि शाई सुकवायला टाकलेली वाळू अजून अक्षरांना चिकटून चमकतेय. "बाकीचे रुमाल?" तुम्ही विचारता. "खाली गावात. उद्या हमाल मिळाले की आणू."

तुम्ही पुणे दरवाजाखाली पोचता तेव्हा सूर्य मावळलाय, आणि मावळतीनंतर गडाचा दरवाजा उघडत नाही. दिंडीतून कारकुनाची विनवणी ऐकून घेतात, रुमाल आत घेतात, कारकुनालाही घेतात. तुम्हाला नाही. मेटावरचा, म्हणजे गडाच्या उतारावरच्या चौकीवरचा, राखणदार काठीने जागा दाखवतो. "पाव्हणं, हितंच पडा. ओघळीत नको, वळीव आला तर वाहून जाल. ह्या धोंड्याच्या आडोशाला या, दिसभर तापलाय, मध्यानरातीपतुर ऊब दील." एवढं बोलून तो तुमच्या हातातल्या चकमकीकडे बघतो आणि मान हलवतो. जाळ करायचा नाही. डोंगरावरचा जाळ खालच्या स्वारालाही दिसतो.

म्हणून दशमी अंधारात खायची. कांदा मुठीने फोडायचा. आजूबाजूला शे-दोनशे माणसं असावीत, पण ती फक्त खोकल्यावरून कळतात. उघड्यावरच्या मुक्कामात तुम्हाला जे आवडतं ते सगळं इथे आहे: पाठीला गरम खडक, वर न मळलेलं आभाळ, खालच्या झाडांत उघडझाप करणारे काजवे. इथे मात्र तिकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे पायथ्यावर.

मध्यरात्र उलटल्यावर तिथे उजेड दिसतो. आधी एक ठिपका, मग चार, मग छपरामागून छप्पर धरत जाणारी रांग. मोगलांच्या एका टोळीने पायथ्याचं गाव पेटवलंय. वारा फिरतो आणि गवताच्या जळक्या वासात वेगळा, कोरडा वास येतो. कागदाचा. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात या जाळपोळीची नोंद केली आहे: मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी हस्तलिखितं त्या आगीत गेली. आज अभ्यासक ज्या पोकळीशी अडखळतात, तिचा एक तुकडा तुमच्या डोळ्यांदेखत तयार होतोय.

मेटकरी मात्र कागदांकडे बघत नाही. तो बोटाने छपरं मोजतोय. चौथ्यावर त्याचं बोट थांबतं, आणि तो खांद्यावरचं घोंगडं तिथेच टाकून उतरायला लागतो.

तांबडं फुटल्यावर कारकून खाली येतो, वर पोचलेले रुमाल आणि गेलेले रुमाल यांची यादी मांडीवर घेऊन. बोरू झरझर चालतो. कुणाचे बैल गेले, कुणाची कणगी गेली, हे लिहून घ्यायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. तिकडे पुण्यात खंडणी न भरलेली घरं पाडताहेत, जाळताहेत. ऑगस्टच्या १० तारखेला गोदावरीकाठी राक्षसभुवनला पेशवे या सगळ्याचं उट्टं काढतील, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडेल आणि पेठांत नवे वाडे उभे राहतील. शहर सावरेल, कारण डोंगराने त्याची माणसं आणि त्याच्या तिजोऱ्या राखल्या. डोंगर राखणाऱ्यांची घरं मात्र तटाबाहेर होती.

डोंगरावर उघड्यावर रात्र काढणं ही हौस व्हायला आधी पायथ्याशी सगळं ठीक असावं लागतं. एवढं घेऊन परत या. आणि पुढच्या रविवारी गड उतरल्यावर पायथ्याच्या आतकरवाडीत पिठलं-भाकरी खाल, मडक्यातलं दही मागवाल, तेव्हा वाढणाऱ्या बाईशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.