केरसुणी आणि हात

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापासून आमच्या ओतूरच्या बाजारात शिंदीच्या केरसुण्या विकायला येतात. घरोघर एक नवी केरसुणी जाते. तिला हळदकुंकू वाहतात आणि लक्ष्मी म्हणून पूजतात. या रीतीचे मला लहानपणापासून मोठे कौतुक. पण काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने मी ओशाळलो.

दिवाळीची झाडलोट चालली होती. भिंतीवरची तसबीर माझ्या हातून निसटली, काच फुटली. मी तुकडे वेचून केराच्या टोपलीत टाकले आणि वरून पालापाचोळा लोटला. दुसऱ्या दिवशी केर न्यायला येणाऱ्या बाईंनी सवयीप्रमाणे टोपलीत हात घातला आणि त्यांचा तळहात चांगलाच कापला. मी धावपळ करून पट्टी बांधली. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, कागदात गुंडाळून येगळी ठिवली असती, तर बरं झालं असतं." वीस वर्षे मुलांना इतिहास शिकवणाऱ्या मला त्या दिवशी कळले की, केरालाही इतिहास असतो.

आमच्या आजीच्या घरातून टाकाऊ असे फारसे काही बाहेर जातच नसे. राख भांड्यांना, शेण गोवऱ्यांना, खरकटे जनावरांना आणि उरलेले उकिरड्यावर. पावसाळ्याआधी तोच उकिरडा खत होऊन शेतात पडे. मांडवीकाठी कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा उलगडली की मागे पत्रावळी राहत. त्याही कुजून माती होत. म्हणून तो काळ सोन्याचा होता असे मात्र नव्हे. मेलेले ढोर ओढण्याचे काम जन्माने ठरलेल्या माणसांच्याच माथी होते. केर कुजत होता. ही रीत कुजत नव्हती.

शहरात तर टोपलीच्या संडासांतला मैला माणसाच्या डोक्यावरून वाहिला जाई. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते काम ठराविक जातीच्या कैद्यांचेच, म्हणून सरकारने नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपोषण आरंभले. घाण साफ करण्याचा हक्क मागण्यासाठी उपोषण! पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. हात लावावाच लागू नये, हा त्यामागचा विचार.

१९४९ साली मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली. सफाई कामगारांच्या डोक्यावरची टोपली उतरावी, ढकलगाड्या याव्यात, असे तिने सुचवले. केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती नेमली. तरीही हाताने मैला काढण्यास बंदी करणारा कायदा यायला १९९३ साल उजाडले, आणि २०१३ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. वाचकहो, डोक्यावरची एक टोपली उतरवायला किती वर्षे लागावीत!

त्याच १९९३ साली पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायाबापड्यांनी डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने आपली पंचायत उभारली. त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेच्या कराराने दारोदार केर गोळा करू लागली. या बायांनी लोकांना एक साधी विनंती केली: विटाळाच्या दिवसांतले कपडे आणि पॅड कागदात गुंडाळा व वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला उघडून पाहावे लागणार नाही. २०१६ च्या नियमांनीही ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितले. ज्यांना आपण अडाणी समजत होतो, त्यांनीच शहाण्यांना ही गोष्ट शिकवली.

आता आमच्या घरी दाराआड पुठ्ठ्याचा एक खोका असतो. फुटकी काच, ब्लेड, सुई त्यात जाते. भरला की दोरीने बांधून वर मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहितो, आणि बाईंच्या हाती देताना तोंडानेही सांगतो. गेल्या खेपेस त्यांनी खोका घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आता शिकलात!" तळहातावरचा व्रण मला अजून दिसतो. यंदा केरसुणीला हळदकुंकू वाहाल, तेव्हा ती धरणाऱ्या हाताचीही आठवण ठेवा.