पोलिसांच्या बदल्यात शाळा

आमच्या सोसायटीच्या फलकावर मालमत्ता कराचं बिल लागलं की सगळ्यांचं लक्ष खालच्या बेरजेकडे जातं. गेल्या खेपेला न्यू जर्सीहून आलेला माझा मावसभाऊ लिफ्टची वाट बघत ते अख्खं बिल वाचत उभा राहिला. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथकर... मग म्हणाला, "शिक्षणाचे दोन-दोन कर? आणि यातले लोअर परळच्या शाळांना किती मिळतात रे?"

लोअर परळच्या शाळांना म्हणून काहीच मिळत नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्याला ते पटेना. त्याच्याकडे गावाच्या शाळांचा एक वेगळा 'डिस्ट्रिक्ट' असतो. त्याचं बोर्ड गावकरी मतदान करून निवडतात. त्याच्या राज्यात घरपट्टीचा साधारण अर्धा वाटा शाळांकडे जातो, आणि पैसे त्याच गावात राहतात. आमच्याकडे कसं चालतं हे त्याला समजावताना माझ्या लक्षात आलं, की ही गोष्ट लिहून ठेवायला हवी. कारण तिचा एक महत्त्वाचा अंक आपल्याच गल्ल्यांमध्ये घडलेला आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

सुरुवात १८८८ पासून करू. त्या वर्षीच्या मुंबई महापालिका कायद्यावर आजही आपलं शहर चालतं. त्या कायद्यानं प्राथमिक शाळा चालवणं, त्यांना मदत करणं हे महापालिकेचं बंधनकारक काम ठरवलं. म्हणजे मनात आलं तर करायचं, असं नव्हे, तर दिवाबत्तीसारखं करायलाच हवं असं. पण कारभार निखळ महापालिकेचा नव्हता. सरकार आणि महापालिका दोघांचे सभासद असलेली एक संयुक्त शाळा समिती होती.

त्याच काळात एक वेगळंच भांडण चालू होतं, पोलिसांच्या खर्चाचं. शहराच्या पोलिसांच्या खर्चातला मोठा वाटा महापालिकेनं द्यायचा, आणि पोलीस कमिशनर मात्र सरकारचा! पैसे एकाचे आणि हुकूम दुसऱ्याचा. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्या पिढीच्या नगरसेवकांनी यावर वर्षानुवर्षं वाद घातला. शेवटी १९०७ साली तोडगा निघाला. पोलिसांचा खर्च सरकारनं स्वतःकडे घेतला, आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, दवाखाने, देवी टोचणं ही कामं पूर्णपणे महापालिकेच्या गळ्यात घातली. मला या व्यवहाराची गंमत वाटते. आपल्या शाळा शहराकडे आल्या त्या कुणाच्या उदात्त भाषणामुळे नाही, तर पोलिसांच्या बिलाची अदलाबदल म्हणून!

पण शाळा असणं वेगळं आणि पोरं शाळेत असणं वेगळं. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात दोन गोष्टी ठासून मांडल्या होत्या. एक, प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. दुसरी, सरकारची तिजोरी कष्टकऱ्यांच्या करानं भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर जातो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सक्तीच्या बाबतीत संस्थानांनी आघाडी घेतली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोद्यात सर्वत्र सक्ती केली, आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात. मधल्या काळात ब्रिटिश मुलखासाठी गोखल्यांनी विधेयक आणलं, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी कायदा झाला, आणि मुंबई शहरासाठी वेगळा कायदा १९२० मध्ये.

आता आपल्या गल्ल्या. महापालिकेनं मोफत आणि सक्तीचं शिक्षण पहिल्यांदा लागू केलं ते १९२५ मध्ये, आणि तेही अख्ख्या शहरात नाही तर फक्त एफ आणि जी या दोन वॉर्डांत. एफ म्हणजे परळ-शिवडीकडचा भाग, आणि जी म्हणजे वरळी-माहीमकडचा. मलबार हिल नाही, फोर्ट नाही, गिरगावही नाही. गिरणगाव!

याआधी तीनच वर्षं, म्हणजे १९२२ मध्ये, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी झाली होती. १८८१ च्या पहिल्या कायद्यात ही मर्यादा सात वर्षांची होती, म्हणजे आठ वर्षांचं पोर रीतसर गिरणीत जाऊ शकत होतं. आता ते गिरणीतून बाहेर आलं, पण जाणार कुठे? आई-बाप दोघं पाळीवर, खोली दहा बाय बारा. शाळा हे नुसतं शिकायचं ठिकाण नव्हतं, दिवसभर पोरानं असायची जागा होती. त्याच सुमारास ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवत होती. डिलाईल रोडला आज त्यांचं नाव आहे. म्हणजे एकाच वस्तीत दिवसा मुलगा आणि रात्री बाप, असा अभ्यास चालायचा.

आणि हे सगळं ठरवत कोण होतं? १९२२ मध्ये महापालिकेचा मताधिकार वाढवला, तो महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्यापर्यंत. गिरणगावातल्या एका खोलीचं भाडं बहुधा त्याहून कमीच असायचं. म्हणजे ज्यांच्या मुलांना शाळेत आणायची सक्ती झाली, त्यांतल्या बहुतेकांना ती सक्ती करणाऱ्या सभागृहात मत नव्हतं. प्रौढ मताधिकारानं महापालिकेची निवडणूक व्हायला १९४८ उजाडावं लागलं.

पैशाचं गणितही तेव्हापासूनच मजेशीर आहे. घरपट्टी ठरायची भाड्यावरून, आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंचं त्यात भलं झालं, आमच्या घरचंही झालं. पण भाडं गोठलं की त्यावरचा करही गोठतो. मग शहर चाललं कशावर? मोठा वाटा जकातीचा. शहरात येणाऱ्या मालावर जकात, ती किमतीत मिसळलेली. वडाळ्याच्या झोपडीतला माणूस घरपट्टी भरत नसेल, पण तेल-साबणाबरोबर तोही कर भरतच होता. जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, आणि तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. जुन्या भाड्याऐवजी बाजारभावाच्या हिशेबानं, म्हणजे भांडवली मूल्यावर मालमत्ता कर लावण्याची पद्धत २०१० पासूनची.

मी स्वतः सत्तरच्या दशकात इथल्याच महापालिकेच्या शाळेत शिकलो. चाळीत कुणीच तिला महापालिकेची म्हणत नसे, 'मुन्शिपाल्टीची शाळा' म्हणत. त्या शब्दात थोडी हेटाळणी होती आणि थोडा हक्कही होता. फी नाही आणि दाखल्यासाठी वशिला नाही. वडिलांना मात्र ती कायम 'सरकारी' वाटायची. ती सरकारची नाही, आपण निवडून दिलेल्या नगरसेवकांची आहे, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही, आणि विचारावं असं त्यांनाही वाटलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी हायस्कुलात होतो आणि धाकटा भाऊ पाचवीत. घरात पगार नाही. त्या काळात त्याची शाळा सुटली नाही, याचं एकच कारण होतं, तिच्यासाठी घरातून पैसे काढायचे नव्हते. आमच्या मजल्यावरची काही कुटुंबं गावी गेली, त्यांच्या पोरांचं काय झालं ते कळलं नाही. १९२५ च्या त्या निर्णयाची किंमत मला तेव्हा माहीत नव्हती, आता कळते.

आज कारभार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो (माझ्या मावसभावाला हे दोनदा सांगावं लागलं होतं). महापालिकेच्या शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प वेगळा असतो, त्याला 'अर्थसंकल्प ई' म्हणतात. त्यात शिक्षण उपकराचे पैसे येतात, प्राथमिक शिक्षणाच्या मान्य खर्चावर राज्याचं अनुदान येतं (थकबाकीवरून दोघांचं जुनं भांडण आहे), आणि उरलेला खड्डा महापालिका आपल्या मुख्य निधीतून भरते. बिलावरचा दुसरा, राज्य शिक्षण उपकर, १९६२ च्या कायद्याचा. तो महापालिका फक्त गोळा करते आणि राज्याकडे पाठवते. २०२५-२६ साठी शिक्षणाचा अर्थसंकल्प सुमारे ३,९५५ कोटींचा होता, आणि महापालिकेचा एकूण ७४,४२७ कोटींचा. म्हणजे शंभरातले सव्वापाच रुपये. त्यातून मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालतात, आणि २००७ पासून मुलांना दप्तर-गणवेशापासून २७ वस्तू मोफत मिळतात.

देखरेखीला शिक्षण समिती. तिच्यात २६ सभासद, २२ नगरसेवक आणि ४ बाहेरचे. शिक्षणाचा अर्थसंकल्प आधी तिच्यापुढे, मग स्थायी समितीकडे आणि शेवटी सभागृहात. अंमलबजावणी मात्र आयुक्तांची, आणि आयुक्त १८८८ पासून सरकार नेमतं. पैसे एकाचे आणि हुकूम दुसऱ्याचा, ही कुरकुर पूर्ण कधी संपलीच नाही म्हणायची.

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे. पैसे आपल्या भागात राहत नाहीत हे वाईट की चांगलं?

मला वाटतं, चांगलं. आज लोअर परळ बघा. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला आणि मथुरादासमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं, अपोलो मिलच्या जागी टॉवर. इथल्या जमिनीतून निघणारा कर जर इथल्याच शाळांवर खर्च करायचा ठरवला, तर आपल्या वर्गांना संगमरवरी फरशा बसतील, आणि गोवंडी-मानखुर्दला फळ्यालाही पैसे उरणार नाहीत. तिथली बहुतेक घरं ५०० चौरस फुटांच्या आतली, त्यांना तर २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि तो माफ असायलाच हवा. अमेरिकेत नेमकं हेच दुखणं आहे. टेक्सासमधल्या गरीब वस्तीतले पालक हा प्रश्न घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. आपल्याकडे अख्ख्या शहराची थैली एक आहे. टॉवरच्या कराचा एखादा रुपया गोवंडीच्या मुलीच्या वहीत पोचतो. फुल्यांची तक्रार इथे निदान कागदावर तरी उलटी झाली आहे.

पण मावसभावाची दुसरी गोष्ट मला टोचली. तो आपल्या बोर्डाच्या सभेला जातो, उभा राहून प्रश्न विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याला पुढच्या वेळी पाडूही शकतो. आपल्याकडे? शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आणली, त्यात तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. कायदा म्हणून उत्तम. पण शाळा बंद करायची, जोडायची की माध्यम बदलायचं, हे त्या समितीच्या हातात नाही.

आणि वरचा आवाजही किती कच्चा आहे ते नुकतंच दिसलं. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात शिक्षण समितीच नव्हती. २०२३, २०२४ आणि २०२५ चे शिक्षणाचे अर्थसंकल्प अधिकाऱ्यानं प्रशासकाला सादर केले, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच! १९२५ मध्ये गिरणी कामगाराला मत नव्हतं म्हणून आपण हळहळतो. या पावणेचार वर्षांत तर मुंबईत कुणाच्याच मताचा माणूस त्या टेबलाशी नव्हता. पहिलीत घातलेलं मूल तेवढ्या काळात चौथीत पोचलं. याबद्दल मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल आपण जास्त ओरडलो. याचं कारण कडू आहे. ज्यांचा आवाज पोचतो अशा आपल्यासारख्यांची मुलं त्या शाळांत आता जात नाहीत. माझीही गेली नाहीत.

शहराची एक थैली हा आपला वारसा आहे आणि तो मोडू नये. पण थैलीला मालक लागतो, आणि तो मालक फक्त ज्याचं मूल शाळेत आहे तोच असतो असं नाही. कर भरणाराही असतो, आणि ज्याला या शाळेनं कधीतरी फुकट शिकवलं तोही. नगरसेवक परत आले आहेत, म्हणजे विचारायला पत्ता तरी आहे. तेव्हा तुमच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा गटार आणि पाण्याबरोबर एवढंही विचारा, की आपल्या वॉर्डातल्या मुन्शिपाल्टीच्या शाळा किती, त्यांत मुलं किती, आणि शिक्षण समितीत यंदा काय बोललात?

असो. फारच लांबलं. आमच्या चाळीतली जी मंडळी हे वाचत असतील, त्यांनी आपापल्या शाळेच्या आठवणी जरूर कळवा. विशेषतः संपाच्या वर्षीच्या.